दरवर्षी पावसाळ्यात भिंतीला बुरशी: तपासायला कोणाला बोलवावं, आणि त्याला काय विचारावं

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. आषाढ सरता सरता कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसायला लागतात, गाद्यांना कुबट वास येतो, कोपऱ्यातला रंग फुगतो. दसऱ्याच्या आधी पेंटर येतो, पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो आणि वरून ‘डॅम्पप्रूफ’ म्हणून मिळणारा रंग मारून जातो. दिवाळी छान जाते. पुढच्या आषाढात त्याच जागी तेच, आणि बहुतेक वेळा हातभर जास्त.

लातूर, परभणी, नांदेडकडच्या घरांतल्या ओलीच्या दुरुस्त्या मी बऱ्याच वर्षांपासून करून घेतो आहे. यात लोकांचा पैसा दुरुस्तीवर जातो त्याहून जास्त चुकीच्या दुरुस्तीवर जातो. गच्चीवर केमिकल मारून होतं, गळती असते नहाणीची. म्हणून हे लिहितो आहे, दुरुस्तीबद्दल कमी आणि तपासणीबद्दल जास्त.

एक गोष्ट आधी पक्की धरा. पाणी मिळाल्याशिवाय बुरशी वाढत नाही. ओलं झालेलं प्लायवूड, कापड, भिंत २४ ते ४८ तासांत वाळली तर बहुधा बुरशी धरत नाही. म्हणजे तपासायला येणाऱ्या माणसाचं खरं काम पाणी कुठून येतं ते सांगणं. ठिपके पाहून फवाऱ्याचा भाव सांगणाऱ्याने तपासणी केलेलीच नसते.

कोणाला फोन करण्याआधी

आपल्या मराठवाड्याच्या हवामानाचा एक मोठा फायदा आहे आणि तो आपण वापरत नाही. कोकणात, मुंबईत हवा जवळपास वर्षभर दमट असते, त्यामुळे तिथे ओल कुठली आणि हवेतला दमटपणा कुठला हे वेगळं करणं अवघड जातं. आपल्याकडे दमट महिने चारच. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता कितीदा २०-२५ टक्क्यांवर येते, आणि श्रावणातल्या सकाळी तीच ८५ च्या पुढे जाते. वर्षात आठ महिने सगळं कडकडीत वाळतं. म्हणून पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा: ही भिंत मे महिन्यात ओली असते का?

मे मध्येही हाताला गार लागत असेल, लोणा (भिंतीवर येणारा पांढरा क्षार) फुलत असेल, तर पावसाला दोष देऊ नका. ते पाणी बहुतेक घरातलं असतं, नाहीतर जमिनीतलं. आपल्याकडे नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, २०१६ साली लातूरला तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यामुळे घरोघरी जमिनीत हौद, गच्चीवर टाकी आणि दोन्हींना जोडणारे पाइप. हौद बहुतेक पोर्चखाली किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून असतो. खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि त्या हालचालीत हौदाच्या गिलाव्याला बारीक तडे जातात. मग ती भिंत बारा महिने पाणी पीत राहते. तपासायला खर्च काही नाही. रात्री हौद भरा, नळ, मोटर, सगळं बंद करा, पाण्याच्या पातळीवर खडूने किंवा खिळ्याने खूण करा, झाकण लावा आणि सकाळी पाहा. झाकलेल्या हौदातलं पाणी एका रात्रीत डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालं तर ते झिरपूनच गेलेलं असतं.

ओल गुडघ्यापासून कमरेपर्यंतच असेल, वरच्या कडेला पांढऱ्या लोण्याची रेघ असेल आणि ती सगळ्या भिंतींना साधारण एकाच उंचीवर असेल, तर जमिनीतून चढणारी ओल समजा. जोत्याला ओलबंदीचा थर नसलेल्या, किंवा बाहेरची जमीन भर टाकून जोत्याच्या वर गेलेल्या घरांत हे हमखास दिसतं. रस्ता दर काही वर्षांनी उंच होत जातो आणि घर खाली राहतं, त्यातलाच हा प्रकार.

फक्त पावसात ओल येत असेल तर घड्याळ बघा. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात डाग दिसला तर खिडकीची कड, सज्जा, भिंतीची भेग यांच्याकडे संशयाने पाहा. विशेषतः पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंती, कारण पावसाचा मारा तिकडून असतो. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी डाग वाढत असेल, तर गच्चीच्या कोब्याखाली पाणी साठून ते हळूहळू उतरत असण्याची शक्यता मोठी.

शेवटचा प्रकार ओळखायला सगळ्यात जास्त चुकतो. पोपडे नाहीत, लोणा नाही, डाग नाही, फक्त कपाटामागे, पलंगाच्या डोक्याकडे, पडद्यामागे बारीक काळे-हिरवे ठिपके. ही बंद हवेची बुरशी. आणि आपल्या भागात तिचं मोठं कारण कूलर आहे. मृग लागून गेलेलं असतं, पण उकडतं म्हणून कूलर चालूच. उन्हाळ्यात कूलर खोलीच्या कोरड्या हवेत तासाला काही लिटर पाणी सोडतो आणि हवा ते पिऊन टाकते. आभाळ आलं की हवाच भरलेली असते, खिडक्या झडीमुळे बंद असतात, मग ते पाणी बसतं भिंतीवर, गादीत, कपड्यांत. त्याच खोलीत दोरीवर ओले कपडे, आणि दिवाळीपासून भिंतीला टेकून रचलेली सोयाबीनची पोती. अशा घरात वॉटरप्रूफिंगचा एक रुपयाही खर्च करू नका. कूलर बंद, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, पोत्यांखाली फळ्या आणि मागे मोकळी जागा, पाऊस थांबला की समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. एवढं करून महिनाभर पाहा.

पाणी भिंतीच्या आतून येतं की हवेतून, याचा निकाल लावायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पुरते. वीतभर तुकडा संशयित जागी चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी काढा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर ओल भिंतीतून येते, खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतून.

या सगळ्याची तारखेनिशी नोंद ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. चांगला तपासनीस आल्याआल्या हेच मागतो. परभणीतल्या एका निवृत्त गुरुजींच्या घरी हॉलच्या भिंतीसाठी गच्चीवर पुन्हा पुन्हा केमिकल मारून झालं होतं. मी घरातल्या बाईंना विचारलं, डाग कधी वाढतो? त्या म्हणाल्या, “पाव्हणे आले की वाढतो बघा. दिवाळीत, लग्नसराईत.” पाऊस नसताना डाग वाढतो म्हटल्यावर गच्चीचा प्रश्नच मिटला. पाहुणे म्हणजे आंघोळी जास्त. हॉलच्या मागे बाथरूम होतं, आणि नहाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपभोवतीचा सिमेंटचा भराव सुटला होता. जाळी उचलून बोट फिरवलं तर कडेची फट बोटाला लागत होती. बाईंना कारण माहीत नव्हतं, पण पुरावा त्यांच्याकडेच होता. आधी आलेल्या कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

मग बोलवायचं कोणाला

भारतात घरातली बुरशी तपासण्यासाठी सरकारी परवाना असा नाही. अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडा अशा राज्यांत परवाना लागतो, आणि तिथे आणखी एक कायदा आहे जो मला फार शहाणपणाचा वाटतो: ज्याने तपासणी केली त्याने त्याच घराचं बुरशी काढायचं काम घ्यायचं नाही. आपल्याकडे कायदा नाही, पण हा नियम आपण आपल्या घरापुरता लावू शकतो. लावाच. ‘तपासणी मोफत’ असं सांगून येणारा माणूस विकायला येतो. त्याच्याकडे जे औषध आहे तोच आजार त्याला आपल्या भिंतीत दिसणार, यात त्याचा दुष्टपणा नसला तरी नुकसान आपलंच.

त्यामुळे मराठवाड्यात व्यवहारात उरतो तो जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा अनुभव असलेला सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर, जो फी घेऊन लेखी अहवाल देईल आणि ठेका घेणार नाही. नवीन बांधकामं करणारा इंजिनिअर आणि दुरुस्तीतला इंजिनिअर यांच्यात फरक असतो, तो विचारून घ्या. छत्रपती संभाजीनगर, नांदेडसारख्या ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागात चौकशी केली तर निदान अशा माणसाचं नाव तरी मिळतं. पुण्या-मुंबईहून कोणी ‘मोल्ड इन्स्पेक्टर’ येत असेल आणि आयआयसीआरसी किंवा एसीएसी या अमेरिकेतल्या संस्थांचं प्रमाणपत्र दाखवत असेल, तर ही प्रमाणपत्रं खरी असतात, पण त्याच्या नावावर ते आज चालू आहे का हे त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा. आणि त्याला विचारा की कोरड्या भागातली, काळ्या मातीवरची घरं त्याने तपासली आहेत का. कायम दमट हवेत काम केलेल्या माणसाचा हात आधी डीह्युमिडिफायरकडे (हवेतला दमटपणा ओढणाऱ्या यंत्राकडे) जातो. आपल्याकडे त्याची गरज क्वचितच पडते.

फोनवरच काही गोष्टी विचारून घ्या. दुरुस्तीचं काम तुम्ही किंवा तुमच्या नात्यातलं कुणी घेतं का? सोबत कोणती उपकरणं आणता? अहवालात काय लिहून देता? गच्चीवर, हौदात, बाथरूममध्ये पाहणार का? ‘फोटो व्हॉट्सॲप करा, भाव सांगतो’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. उलट तो तुम्हालाच विचारायला लागला, घर किती जुनं, बोअरचं पाणी वापरून बांधलं का, ओल कोणत्या महिन्यात, हौद कुठे, तर माणूस कामाचा आहे. बोअरच्या पाण्याचा प्रश्न उगाच नाही. बांधकामाच्या पाण्यासाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात सल्फेट लिटरला ४०० मिलिग्रॅम आणि लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड ५०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. खारट बोअरच्या पाण्यात कालवलेल्या गिलाव्यात क्षार पहिल्या दिवसापासून असतात आणि जरा ओल मिळाली की लोणा होऊन फुलतात. अशा घरात नुसता लोणा दिसला म्हणून जोत्याला ओल अडवणाऱ्या रसायनाची इंजेक्शनं मारायला सांगणारा चुकतो आहे.

तो आल्यावर काय करतो ते बघा

ओल मोजायच्या मीटरला दोन टोकदार सुया असतात. मोंढ्यात सोयाबीनची आर्द्रता मोजून भाव पाडतात ते यंत्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, आणि तिथे आकड्यावरून किती वाद होतात तेही. भिंतीच्या मीटरचंही तसंच आहे. हे मीटर मुळात लाकडासाठी केलेलं असतं. गिलाव्यावर त्याचा आकडा म्हणजे ‘इतके टक्के पाणी’ असा अर्थ होत नाही, तो फक्त तुलनेला चालतो. त्यातून लोणा असलेल्या भिंतीत क्षारांमुळे सुयांमधून वीज सहज वाहते आणि कोरडी भिंतसुद्धा ओली दाखवली जाते. म्हणून जाणकार माणूस आधी घरातल्या चांगल्या, कोरड्या भिंतीवर मीटर लावतो, मग खराब जागी, खालून वर आणि डावीकडून उजवीकडे, आणि आकडे लिहीत जातो. लाल दिवा दाखवून “बघा, किती ओल आहे” म्हणणाऱ्याला तुम्ही स्वतः कोरडी भिंत मोजायला सांगा.

थर्मल कॅमेऱ्याचं लोकांना फार अप्रूप आहे. तो कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. ओली जागा बाष्पीभवनाने थोडी गार असते म्हणून ती वेगळी दिसते. पण पश्चिमेची भिंत दुपारच्या उन्हाने तापलेली असेल तर चित्रात सगळा गोंधळ होतो. सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर उशिराने वापरला आणि प्रत्येक गार डागावर मीटर लावून खात्री केली, तरच त्याचा उपयोग.

यंत्रं नसली तरी जुना अनुभवी माणूस एक रुपयाच्या नाण्याने भिंत वाजवत जातो. घट्ट गिलावा टणक वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो, आणि पोकळ भागाची कड खडूने आखली की भिंतीवर पाण्याचा नकाशाच उभा राहतो. त्या आकाराचं वरचं निमुळतं टोक कुठे जातं ते पाहायचं. बहुतेक वेळा ते एखाद्या पाइपाच्या, सज्जाच्या किंवा स्लॅबच्या सांध्याशी जाऊन थांबतं.

गच्चीवर तो कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात भरलेली सिमेंटची गोलाई, पाणी जाणारे पाइप, सोलरच्या आणि टाकीच्या खांबांचे पाय पाहील. शंका राहिली तर पाइपाची तोंडं बुजवून गच्चीवर पाणी साठवून ठेवायची चाचणी असते, साधारण ४८ तास. खालच्या डागाची कड आधी पेन्सिलीने आखून ठेवायची. इंचभर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला २५ किलो वजन, तेव्हा पाणी किती उंच भरायचं ते त्यालाच ठरवू द्या, आणि गज उघडे पडलेल्या जुन्या स्लॅबवर ही चाचणी नको.

माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या), दगडमातीच्या घरांवर तर ती कधीच करू नका. त्या घरांचं सगळंच वेगळं आहे. बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की आतल्या मातीची ओल बाहेर पडायची वाट बंद होते, भिंत आतून मऊ होते आणि वरून छान दिसते. अशा भिंतीला पोट आलं असेल, कोपऱ्यात उभी भेग मोठी होत असेल आणि झड लागलेली असेल, तर बुरशीचा विचार बाजूला ठेवा. त्या खोलीत कुणालाही झोपू देऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरच्या मातीच्या वजनाने काय झालं हे आपल्या भागाला सांगायला नको. भिंत पडायला भूकंपच लागतो असं नाही, आठ दिवसांचा पाऊसही पुरतो.

हवेचे नमुने

काही जण पंप लावून हवेचा नमुना घेतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल देतात. ठिपके डोळ्यांनी दिसत असताना यावर पैसे घालू नका. अमेरिकेची पर्यावरण संस्थाही हेच सांगते: दिसणाऱ्या बुरशीसाठी बहुतेक वेळा नमुन्यांची गरज नाही, आणि हवेत किती बीजाणू चालतील याची सरकारी मर्यादाही तिथे ठरलेली नाही. पावसाळ्यात आपल्या बाहेरच्या हवेतच, शेतात, उकिरड्यावर, कडब्याच्या गंजीत, बीजाणू भरपूर असतात. त्याच वेळी बाहेरचा नमुना न घेता फक्त घरातला आकडा दाखवणारा तुम्हाला घाबरवतो आहे एवढंच.

आणि भीतीचं म्हणाल तर, २०२१ साली कोविडनंतर ज्या ‘काळ्या बुरशी’ने माणसं गेली तो म्यूकरमायकोसिस. भिंतीवरचे काळे ठिपके सहसा वेगळ्या बुरशींचे असतात. त्यांनी दमा, शिंका, खोकला वाढतो, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्रास होतो, हे खरं आणि गंभीर आहे. पण डोळे काढायची वेळ येईल असं सांगून कोणी फवारणी विकत असेल तर त्याला दार दाखवा.

वेळ आणि अहवाल

बहुतेक लोक दिवाळीच्या तोंडावर बोलावतात. तपासणीसाठी ही सगळ्यात वाईट वेळ. भिंत वरून वाळलेली, आतून ओली, आणि घरच्यांना रंगाची घाई. शक्य असेल तर भर पावसात, चांगला पाऊस पडून गेल्यावर एकदा बोलवा आणि एप्रिल-मे मध्ये त्याच जागांवर पुन्हा मोजायला लावा. दोन फेऱ्यांची फी आधीच ठरवा. एका चुकीच्या वॉटरप्रूफिंगपुढे ती काहीच नसते.

अहवाल लेखी घ्या. त्यात तारीख, त्याआधी पाऊस कधी पडला, खोलीतलं तापमान आणि आर्द्रता, कोणत्या जागी मीटरचा आकडा किती, फोटो, संभाव्य कारण आणि कोणती कारणं तपासून बाद केली हे यायला हवं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ‘हौद तपासला, पातळी उतरली नाही’ असं एक वाक्य असेल तर माणसाने डोकं लावलं आहे हे कळतं. कोणत्या कंपनीचा माल वापरायचा याने अहवाल सुरू होत असेल तर ते कोटेशन आहे.

दुरुस्ती झाल्यावर भिंतीचा सुटलेला गिलावा काढून ती उघडी ठेवा. एका उन्हाळ्याचं ऊन तिला लागू द्या, मग गिलावा, मग रंग. दिवाळीला एक भिंत उघडी राहिली तर पाहुणे विचारतील, सांगा त्यांना. ठेकेदाराच्या पैशातला काही भाग पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायचं काम देतानाच लिहून घ्या. नंतर हा विषय निघत नाही.

तपासणीला वेळ आहे आणि घरात दम्याचं माणूस आहे, तर आत्ता एवढं करा. त्याची झोपायची खोली बदला. ठिपके कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या आणि पंखा लावून भिंत वाळवा. ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. गादी किंवा उशी आतपर्यंत कुबट झाली असेल तर उन्हात टाकून वापरायचा मोह होतो, पण दमेकऱ्यासाठी ती गादी घराबाहेर काढा.